दोन विमानतळांमधले अंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"प्रवासाविषयी चार शब्द बोला," असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझा प्रवास तो केवढा! चौलाहून अलिबाग, अलिबागहून मुंबई, आणि उभ्या जन्मात एकदा काय ती परदेशवारी. परंतु मध्यंतरी आमच्या आळीतल्या एका वहिनींनी मला वाटेत थांबवून विचारले, "काकू, मुलगा म्हणतो, दुबई तीन तासांवर आहे. मग त्याला घरी यायला अख्खा दिवस का लागतो हो?" त्या वेळी मी नुसती हसले. घरी येऊन विचार केला, तेव्हा ध्यानात आले की प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली आज दूरदेशी आहेत. ती किती लांब आहेत, हे आपल्याला नीट ठाऊक असायला नको का? म्हणून आज त्या वहिनींच्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आधी सोपा हिशेब सांगते. पृथ्वी गोल आहे. तिच्या पाठीवरून दोन विमानतळांमध्ये दोरी ताणून धरली, तर जेवढी भरेल तेवढे त्यांच्यामधले जवळचे अंतर. मुंबईहून गोव्याचे दाभोळी सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, दिल्ली साडेअकराशेच्या आसपास, दुबई एकोणीसशे-तीस. मोठे प्रवासी विमान एकदा उंच चढले की तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर जाते. तेव्हा किलोमीटरांना ८५० ने भागावे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवावा. गोव्याचा झाला एक तास, दिल्लीचे पावणेदोन-दोन, दुबईचे पावणेतीन. वेळापत्रकात याहून थोडे अधिक लिहिलेले दिसेल. कारण विमान जागेवरून हलले तिथपासून ते दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची वेळ त्यात धरतात, आणि धावपट्टीपर्यंत सरपटत जाण्यातही वेळ मोडतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या दर्यावर्दी घरांतल्या बायकांना वारा म्हणजे काय हे मी का सांगावे? हिवाळ्यात आकाशात फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि परत येताना कमी. वाट तीच, विमान तेच, परंतु एकदा वारा तोंडावर आणि एकदा पाठीवर.

आणि तिसरी गंमत घड्याळाची. तिकिटावर निघण्याची वेळ इथली छापतात, पोहोचण्याची तिथली. मी इस्रायलला गेले तेव्हा पहाटे सहाच्या सुमारास विमान सुटले आणि तिथल्या घड्याळात साडेदहा वाजता उतरले. घड्याळ म्हणाले, साडेचार तास. परंतु हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, म्हणजे खरे आठ तास झाले. तेव्हा तिकीट हातात आले की आधी दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी.

मी इस्रायल म्हटले आणि काही जणींनी माना वर केल्या! चौलाची बाई तिथे कशाला गेली, हे आता सांगते. कारण अंतराचा खरा धडा मला तिथे मिळाला.

आपल्या या किनाऱ्याला परदेशी वाटसरू नवे नाहीत. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा बरोबर घेऊन होर्मुझकडून समुद्रमार्गे याच चौलाला उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, आपल्या मुलांनी ते पाहिलेले आहे. चौलापर्यंतच्या समुद्रप्रवासाला त्याला सहा आठवडे लागले. होर्मुझ ते चौल सरळ अंतर म्हणजे जवळजवळ मुंबई-दुबईएवढेच. तेव्हाचे सहा आठवडे आणि आजचे तीन तास! शिवाय शिडाच्या जहाजाला वाऱ्याचा हंगाम धरूनच निघावे लागे. हंगाम चुकला की मुक्काम. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद झाली की आपण आजही कुरकुरतोच की!

त्याच्याही फार आधी आपले बेने इस्रायल बांधव या किनाऱ्यावर आले. नवगावजवळ त्यांचे जहाज फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आपल्या गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून घेतली. त्यांच्यात चेऊलकरही आहेत. सिनेमातले लाडके डेव्हिडकाका, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अलिबागेत इस्रायल आळी आहे, रेवदंड्यात सिनेगॉग आहे. घरे मात्र थोडी उरली. १९४८ साली इस्रायल देश झाला, आणि पुढच्या वर्षांत एकेक कुटुंब तिकडे गेले.

अशाच एका रेवदंड्याच्या घरातली माझी मैत्रीण. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तिच्याकडचा मलिदा मी खाल्ला आहे आणि आमच्याकडच्या दिवाळीच्या करंज्या तिने. १९७१ साली लग्न होऊन ती लोदला गेली. लोद हे गाव तेल अवीवच्या विमानतळाला अगदी लागून आहे. त्या विमानतळाचे नावही त्या वेळी लोद असेच होते. १९७३ च्या डिसेंबरात बेन गुरियन वारले, त्यानंतर त्यांचे नाव त्याला दिले गेले. ती पत्रात लिही, "विमाने माझ्या डोक्यावरून जातात गो, पण एकही चौलाला जात नाही." भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये. तोवर येणे-जाणे म्हणजे मधेच कुठेतरी विमान बदलून करायचे लांबचे काम.

तिची आई मात्र गेली नाही. थोरल्या मुलाजवळ रेवदंड्यातच राहिली. "माझी माडांची वाडी तिथे कोण शिंपणार?" असे ती म्हणे. १९९८ च्या जानेवारीत एका शुक्रवारी पहाटे ती गेली.

त्यांच्या धर्मात दफन लांबवत नाहीत. आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. मग काही करता येत नाही. म्हणजे त्या दिवशी सायंकाळच्या आतच सारे उरकायला हवे होते. भावाने लोदला फोन लावला, आणि थोड्या वेळाने आमच्या शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी फोन आला. पलीकडे ती होती. रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "मला पोहोचता यायचे नाही. तू जा. माझ्याऐवजी तू आईजवळ बस."

चौल ते रेवदंडा अंतर किती? पायी अर्ध्या तासाची वाट. मी तशीच पायात चपला घालून निघाले. दुपारी पुरुषमाणसे आईला घेऊन गेली, तोवर मी तिच्या घरात बायकांमध्ये बसून होते. एका मुलीला चार हजार किलोमीटरांवरून येता आले नाही, आणि दुसरीला अर्ध्या तासात येता आले. एवढ्यावर आम्ही दोघींनी समाधान मानले. परंतु माझ्या मनात एक शंका राहून गेली. माणसे अमेरिकेहून येतात, मग हिलाच का येता येऊ नये? स्पष्टच सांगते, काही दिवस मला तिचा रागही आला होता.

पुढे एकवीस वर्षांनी, म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरात, तिच्या नातीच्या मेंदीला मी गेले. तिकडेही लग्नाआधी मेंदी करतात बरे का. हिरव्या बांगड्या मी इथून नेल्या होत्या. माझ्या भाच्याने मुंबईहून तेल अवीवला सरळ जाणाऱ्या विमानाचे तिकीट काढून दिले. शाळेत आम्हाला भूगोल कडक शिकवला होता, आणि नकाशात पाहिले तर सरळ रेघ उत्तर-पश्चिमेला जाते. अंतर सुमारे चार हजार पन्नास किलोमीटर. आपल्या हिशेबाने सव्वापाच, फार तर साडेपाच तास. परंतु तिकिटाप्रमाणे होत होते आठ! मला वाटले, भाच्याने काहीतरी चूक केली.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा दाखवतात. त्यात विमानाचे चित्र हळूहळू सरकत असते. मी ते पाहत बसले. आमचे विमान उत्तर-पश्चिमेला न जाता दक्षिण-पश्चिमेकडे, अरबी समुद्रावरून एडनच्या आखाताकडे चालले होते. तिथून वळून ते तांबड्या समुद्रावर आले आणि मग सरळ उत्तरेला लागले. सगळे अरबस्तान आम्ही वळसा घालून ओलांडले. जसे भांडण असलेल्या घराचे अंगण टाळून आपण मागल्या गल्लीने जातो तसे. शेजारच्या आसनावरच्या गृहस्थांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, आकाशालाही धनी असतो. सौदी अरेबिया इस्रायलच्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ देत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आले. सरळ वाट चार हजारांची. आम्ही गेलो ती सहा हजारांच्या घरातली. जमिनीवर कुंपण असते हे मला ठाऊक होते, पण आकाशातही कुंपण असते हे मी त्या दिवशी पाहिले.

लोदला पोहोचल्यावर रात्री आम्ही दोघी बसलो. मी तिला नकाशाची गोष्ट सांगितली. तिने आतून एक जुनी वही आणली. त्या शुक्रवारी पहाटे तिने त्यात हिशेब मांडला होता. आपल्या घड्याळाने सकाळी सातला निघाले असे धरले, तर आठ तासांनी दुपारी तीनला मुंबई. तिथून रेवदंडा पाच तास. म्हणजे रात्रीचे आठ. सूर्य मावळून गेलेला. त्याखाली तिने दुसरा हिशेब केला होता, सरळ वाटेचा: साडेबाराला मुंबई, साडेपाचला रेवदंडा. सूर्य टेकता टेकता, पण पोहोचले असते. त्याखाली काही लिहिलेले नव्हते. मी म्हटले, "अगो, मग तू हे मला कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "त्या दिवशी मुंबईचे विमानच नव्हते. हिशेब नुसता मनाच्या समाधानासाठी."

भगिनींनो, त्या रात्री माझा एकवीस वर्षांचा राग गेला. अंतर तिच्या मनात नव्हते. ते वेळापत्रकात होते, वारांत होते, आणि दोन देशांच्या भांडणात होते.

आता पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला सौदी अरेबियाने आपल्या आकाशातून जाण्याची परवानगी दिली. २२ मार्चला ते विमान पहिल्यांदा त्या वाटेने गेले आणि सुमारे साडेसात तासांत पोहोचले. म्हणजे पाहा, दिल्ली तेल अवीवपासून मुंबईएवढीच लांब, परंतु सरळ वाट मिळाली म्हणून वळशाचा बराच वेळ वाचला. इस्रायलच्या विमानांना मात्र ती वाट मिळेना. २०२२ च्या जुलैत सौदीने आपले आकाश सर्वांना खुले केले, आणि २३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओमानने. तेव्हा कुठे मुंबईच्या वाटेतले दोन-अडीच तास वाचण्याची सोय झाली. मैत्रिणीचा फोन आला: "वहीतला दुसरा हिशेब खरा झाला गो!" त्यावर आम्ही दोघी हसलो आणि दोघीही रडलो.

आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरनंतर युद्ध पेटले. विमाने कधी चालू, कधी बंद. २०२५ च्या जूनमध्ये तर तो विमानतळच काही दिवस सगळ्या प्रवाशांना बंद होता. उघडलेली वाट पुन्हा अडली. हे एकाच देशाचे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपल्या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. सकाळी निघाले आणि दुपारी पोहोचले. आजच्या विमानाला तेवढ्या वाटेला दीड तास पुरेल, परंतु कराचीहून मुंबईला सरळ विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने वळसे घेऊ लागली. यंत्रे वेगवान होतात, म्हणून माणसे जवळ येतातच असे नाही. दोन घरांमधले अंतर कमी करायला वेगाबरोबर सलोखाही लागतो.

आता आपल्या वहिनींच्या प्रश्नाकडे येते. मुलगा तीन तासांवर असून दिवस का लागतो? माझाच प्रवास पाहा. चौलाहून दुपारी तीनला निघाले. अलिबागपर्यंत एस.टी., मांडव्याहून शेवटच्या लाँचपैकी एक, गेटवेहून टॅक्सीने अंधेरीला भाच्याकडे. दोन घास खाऊन पहाटे तीनला विमानतळावर, कारण परदेशी जायचे तर तीन तास आधी हजर राहावे लागते. सहाला विमान. तिथे उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामानाची वाट. मैत्रिणीच्या दारात पाऊल टाकले तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेतीन वाजले होते. साडेचोवीस तासांचा प्रवास, आणि त्यातले हवेतले तास आठ! चौल ते मुंबई विमानतळ सरळ रेघेत साठ किलोमीटरसुद्धा नाही. पण रस्त्याने शंभरावर, आणि खाडी, घाई, गर्दी यांचा हिशेब निराळाच. मुलाचे तीन तास हे मधले तीन तास आहेत, वहिनी. दोन टोकांचे तास आईलाच मोजावे लागतात.

सुदैवाने हे टोक थोडे जवळ आले आहे. मार्च २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा हा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. आणि नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. तिथे जायला आपल्याला मुंबई ओलांडावी लागत नाही. अलिबाग, पेण करून खाडीच्या याच बाजूने जाता येते. आपल्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

भाषण संपवण्यापूर्वी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या वाचनालयात एक वही ठेवावी. तिच्यात बोटींच्या वेळा, एस.टी.च्या वेळा, पावसाळ्यात काय बंद असते, दोन्ही विमानतळांना कोणत्या वाटेने किती वेळ लागतो, हे लिहून ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी कोणीतरी ते तपासून दुरुस्त करावे. जिचे मूल परदेशी आहे, तिने आपला पासपोर्ट काढून ठेवावा, आणि त्याची मुदत कधी संपते तेही वहीत टिपावे. व्हिसाला दिवस लागतात. आजारपण काही दिवस बघून येत नाही. आणि प्रत्येकीने आपल्या नावापुढे एका शेजारणीचे नाव लिहावे. आपल्या मुलाला किंवा मुलीला वेळेवर पोहोचता आले नाही, तर जिने आपल्याजवळ येऊन बसावे अशी शेजारीण. तिला आधी विचारून मगच लिहावे.

कारण विमान कितीही वेगाने आले, तरी पहिल्या अर्ध्या तासात पोहोचते ती शेजारीणच. रेवदंड्याच्या त्या शुक्रवारी मी ते पाहिले आहे. आपले मंडळ इतकी वर्षे चालले, ते मुळात याच कामासाठी, असे मला वाटते.

माझे नाव वहीत पहिले लिहा. शेजारणीचे नाव मी उद्या विचारून सांगते.